शांतिवनात पहिल्यांदा राहायला जाताय? आधी हे वाचा

पहिल्यांदा गेले तेव्हा मी दोन दिवस नुसती बावरून हिंडत होते. घंटा व्हायची, माणसं कुठूनकुठून निघून एकाच दिशेने चालायला लागायची, आणि मी हातात टूथब्रश घेऊन खोलीच्या दारात उभी. कुणी रागावलं नाही. पण अमुक वेळी तमुक करा असंही कुणी सांगितलं नाही. तिथे सक्ती कशाचीच नाही, आणि नवख्या माणसाची खरी पंचाईत तीच आहे. आता तीन खेपा झाल्या. ओळखीतलं कुणी ना कुणी दर हिवाळ्यात विचारतं आणि तेच सगळं फोनवर पुन्हा सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

जागा कुठली ते आधी सांगते. तमिळनाडूत तिरुची आणि करूर यांच्या मधे, कुळित्तलैजवळच्या तण्णीरपळ्ळी गावी, कावेरीच्या काठी सच्चिदानंद आश्रम हा कॅथलिक ख्रिस्ती आश्रम आहे. सगळे त्याला शांतिवनम म्हणतात. १९५० साली ज्यूल मोंशानँ आणि आंरी ल सो या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी तो सुरू केला. ल सो यांनी पुढे अभिषिक्तानंद हे नाव घेतलं. १९६८ मध्ये बीड ग्रिफिथ्स हे बेनेडिक्टाईन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणारे, इंग्रज संन्यासी केरळातल्या कुरिसुमला आश्रमातून इथे आले आणि १९९३ मध्ये इथेच वारले. आज इथे राहणारे संन्यासी बेनेडिक्टाईन परंपरेतल्या कामाल्दोली शाखेचे आहेत. कपडे भगवे, बसणं जमिनीवर, जेवण हाताने आणि शाकाहारी.

ख्रिस्ती आश्रम हा प्रकार आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला होता, आणि पुण्यातला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम १९२०च्या दशकातला. पण ते शहरात. शांतिवन म्हणजे नारळाची झाडं, गोठा आणि पहाटे मोरांचा गोंगाट.

१. कशासाठी जाताय ते घरीच ठरवा

हे योग शिबिर नाही, निसर्गोपचार केंद्र नाही आणि पर्यटकांचं होमस्टे तर नाहीच. एकत्र राहणाऱ्या संन्याशांचं ते घर आहे आणि त्या घरात तुमच्यासाठी खोली आहे, एवढंच. कुणी प्रवचनाला बसवणार नाही, शेवटी प्रमाणपत्र मिळणार नाही.

हिंदू मित्रमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘धर्म बदलायला सांगतात का?’ मला तिन्ही खेपांत कुणी माझा धर्मसुद्धा विचारला नाही. माझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणीचा प्रश्न नेमका उलटा होता: ‘आरती करतात, भस्म लावतात, मग हे कसले आपले?’ दोन्हीकडून ही टीका जुनी आहे. १९८०च्या दशकात ती वर्तमानपत्रांतही गाजली होती. तुम्ही यांपैकी ज्या कुठल्या बाजूचे असाल त्या बाजूने थोडं अवघडायला होणार आहे, हे गृहीत धरूनच निघा.

किती दिवस? निदान चार रात्री. पहिला दिवस प्रवासाच्या झोपेत जातो, दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो, तिसऱ्या दिवशी घंटेच्या आधी जाग येते. दोन रात्रींसाठी जाणारी माणसं नेमका कंटाळा घेऊन परत येतात.

२. आधी कळवा, मग तिकीट काढा

अचानक दारात जाऊन उभे राहू नका. ईमेल करा, उत्तराची वाट बघा. दोनतीन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा. प्रार्थनेच्या आणि जेवणाच्या वेळा टाळून. कोण, किती जण, कधीपासून कधीपर्यंत, गुडघ्याचं किंवा पाठीचं दुखणं आहे का, एवढं लिहिलं की पुरे. तुमच्या आध्यात्मिक प्रवासाची तीन पानं पाठवायची गरज नाही. मी पाठवली होती. उत्तर दोन ओळींचं आलं: खोली आहे, या.

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम असते आणि त्यामुळेच युरोपातून आलेल्या पाहुण्यांची गर्दी असते. तेव्हा जायचं तर बरंच आधी लिहा. एप्रिल-मेमध्ये उकाड्याने जीव नकोसा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडचा परतीचा पाऊस असतो.

३. पोचायचं कसं

आश्रम तिरुची–करूर रस्त्यावर आहे. तिरुचीहून साधारण ३५-४० किलोमीटर, करूरहून थोडं जास्त. महाराष्ट्रातून जाताना एक गोम लक्षात ठेवा: मुंबई–नागरकोइल या नावाच्या गाड्या वेगवेगळ्या मार्गांनी जातात, एक करूरवरून आणि दुसरी तिरुचीवरून. आपल्याला दोन्ही चालतात, पण आरक्षण करताना उतरायचं स्टेशन नीट बघा. कुळित्तलैलाही स्टेशन आहे, तिथे स्थानिक गाड्या थांबतात. विमानाने जाणाऱ्यांनी तिरुची गाठावं.

शेवटचा टप्पा बसचा. कंडक्टरला ‘तण्णीरपळ्ळी, शांतिवनम’ असं सांगा. ‘आश्रम’ एवढंच म्हणालात तर तो तुम्हाला भलतीकडे उतरवेल असं नाही, पण सगळी बस मिळून चर्चा करेल. दिवसाउजेडी पोचा. पाहुण्यांची सोय बघणारे ब्रदर रात्री नऊनंतर तुमच्यासाठी जागे राहिले तर तो त्यांच्या पहाटेवर बोजा.

४. काय न्यायचं

कागदपत्रं फार नाहीत:

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, आणि त्याची एक प्रत.
- परदेशी पारपत्र असेल तर पारपत्र आणि व्हिसा, दोन्हींच्या प्रती. ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड असेल तर त्याचीही. परदेशी नागरिक उतरला की यजमानाला ते सरकारला कळवावं लागतं. अमेरिकेतला भाचा किंवा लंडनची सून बरोबर नेणाऱ्यांना हे नेमकं माहीत नसतं.
- रोजच्या औषधांची चिठ्ठी.

सामान:

- विजेरी. पहाटे पाचला झाडीतून चालायचं असतं आणि पायवाटेवर साप फक्त गोष्टीत नसतात.
- दोन चादरी, पंचा, डासांसाठी मलम. जमल्यास मच्छरदाणी.
- सैल, अंगभर सुती कपडे. बायकांना सलवार-कमीज किंवा साडी, पुरुषांना लुंगी किंवा पायजमा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.
- सहज काढता-घालता येतील अशा चपला. दिवसातून दहा वेळा काढाव्या लागतात. बुटांच्या नाड्या बांधताबांधता प्रार्थना संपते.
- बसायला छोटी उशी किंवा आसन. जमिनीवर तासभर बसायची आपली सवय गेलेली आहे, हे तिथे गेल्यावर कळतं.
- पाण्याची बाटली आणि रोख पैसे.

लॅपटॉप नेऊ नका. मोबाइलला रेंज मिळते, ती खोलीतच वापरा.

५. दिवस घंटेवर चालतो

वेळा ऋतूनुसार थोड्या मागेपुढे होतात, म्हणून गेल्यागेल्या लावलेलं वेळापत्रक वाचा. साचा मात्र असा: पहाटे पाचला पहिली घंटा आणि नामजप. साडेपाच ते साडेसहा ज्याचं त्याने ध्यान. खोलीत, ध्यानमंदिरात किंवा नदीकाठी. साडेसहाला प्रार्थना आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. साडेसातला नाश्ता. मग काम, मधे दहाच्या सुमाराला कॉफी. बाराला दुपारची प्रार्थना, लगेच जेवण, मग विश्रांती. साडेतीनला चहा. संध्याकाळी सहा ते सात पुन्हा ध्यान, सातला प्रार्थना, साडेसातला जेवण, झोपण्याआधी नामजप, आणि नऊनंतर सामसूम.

यातलं काहीही चुकवलं तरी कुणी विचारणार नाही. म्हणूनच नवखी माणसं चुकवतात. ‘आज जरा झोपते’ म्हणून पहाट सोडली की नाश्ता उशिरा, तोवर काम वाटून झालेलं, मग दुपारपर्यंत करायला काही नाही, आणि संध्याकाळी फोन: ‘इथे फार बोअर होतंय गं.’ हा फोन मी स्वतः आईला केलेला आहे. तिथे प्रत्येकाची खोली वेगळी, जपमाळ वेगळी, श्रद्धाही वेगळी असते. सगळ्यांची मिळून सामाईक असलेली गोष्ट एकच, वेळ. ती धरली की तुम्ही त्यांच्यातले. सोडली की तुम्ही लॉजवर उतरलेलं गिऱ्हाईक.

निदान पहिले दोन दिवस सगळ्या घंटा पाळा. नंतर काय सोडायचं ते तुमचं तुम्हाला समजेल.

संध्याकाळचं ध्यान नदीवर करणार असाल तर काठावर बसा, पात्रात उतरू नका. कावेरी तिथे खूप रुंद आहे आणि पाणी नसतं तेव्हा वाळवंटासारखी निरुपद्रवी दिसते. वाळूत खोल खड्डे असतात आणि वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पात्र भरतं. मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची रूढ तारीख १२ जून. त्याच्या मागेपुढे तर विशेष सांभाळा. पोहता येतं म्हणून फुशारक्या मारणाऱ्यांनीही.

६. प्रार्थनामंदिरात

हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यांची धांदल इथेच उडते.

बाहेरून ते दाक्षिणात्य देवळासारखं दिसतं. प्रवेशाशी छोटं गोपुर, वर रंगीत मूर्ती, आणि जवळ जाऊन पाहिलं तर मांडी घालून बसलेला येशू. आवारात वर्तुळातला क्रूस आहे, त्याच्या मध्यावर ॐ. आत गाभारा, आणि तो देवळातल्या गाभाऱ्यासारखा मुद्दाम अंधारा ठेवलेला. चपला बाहेर. आत जमिनीवर बसायचं. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी आधीच सांगावं, खुर्चीची सोय होते.

प्रार्थनेत बायबलबरोबर उपनिषदं, गीता आणि तमिळ भक्तिकाव्य यांतले उतारे वाचले जातात. गायत्री मंत्र कानावर आला की आपण दचकतो. ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ हे संस्कृत स्तोत्र ऐकाल, ते ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली ख्रिस्ती संन्याशाने १८९८ मध्ये लिहिलेलं आहे. चाल दोन दिवसांत पाठ होते. पाठ झाली तरी मोठ्याने तान मारू नका. एका खेपेला आमच्यातल्या शास्त्रीय गाणं शिकलेल्या काकांनी ती मारली, आणि बाकीचे सगळे आपोआप गप्प झाले.

सकाळी चंदनाचं गंध, दुपारी कुंकू, संध्याकाळी भस्म. घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. नको असेल तर हात जोडले की झालं. दुसऱ्या खेपेला मावशी माझ्याबरोबर होती. तिचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. दुपारी कुंकवाची वाटी समोर आली तशी तिने सवयीने ती माझ्याकडे सरकवली. तिसऱ्या दिवशी मात्र बोट बुडवलं. खोलीवर आल्यावर पुसलं नाही. मी काही विचारलं नाही. तुम्हीही बरोबरच्या माणसाला असं काही विचारू नका.

आता सगळ्यात मोठा खड्डा: कम्युनियन. मिस्सेत शेवटाकडे लोक रांगेने पुढे जातात. आरती झालेली असते, फुलं वाहिलेली असतात, धूप दरवळत असतो, त्यामुळे आपल्यासारख्याला वाटतं की आता प्रसाद. पहिल्या दिवशी मी रांगेत उभी राहिले, डाव्या हातावर उजवा ठेवून ओंजळसुद्धा केली. मागून वसईच्या मैत्रिणीने ओढणी धरून ओढलं आणि कानात म्हणाली, ‘अगं, ओस्ती आहे ती, शिरा नाही.’ ओस्ती म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर. कॅथलिकांच्या दृष्टीने ते ख्रिस्ताचं शरीर असतं, आणि ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनी घ्यायचं असतं. तुम्ही कॅथलिक नसाल तर जागेवर बसून राहा. शंका असेल तर आदल्या दिवशी फादरना विचारा, ते शांतपणे समजावतात. आरतीला मात्र सगळ्यांनी हात फिरवायला हरकत नाही.

फोटो प्रार्थना चालू असताना काढू नयेत, हे सांगायला लागू नये. सांगावं लागतं.

७. पंगतीत

जमिनीवर रांगेने चटया, समोर स्टीलचं ताट. आधी प्रार्थना, मगच हात लावायचा. ‘वदनी कवळ’ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे जमतं. जेवताना मौन असतं आणि बहुतेक वेळा कुणीतरी पुस्तक वाचत असतं. भात, सांबार, रसम, एखादी भाजी, ताक. पोळीची आठवण चौथ्या दिवशी येते. लोणच्याची बाटली न्यावी का, असं मला बऱ्याच जणींनी विचारलंय. न्या, पण खोलीत ठेवा. पंगतीत बाटली उघडली की शेजारच्या दहा जणांनाही द्यावी लागते.

वाढणारा मौनात वाढत जातो आणि भात थांबत नाही. दोन शब्द पाठ करा: ‘कोंजम’ म्हणजे थोडंसं, ‘पोदुम’ म्हणजे पुरे. मौनाचा फारच धाक वाटत असेल तर ताटावर हात आडवा धरा. पानात टाकू नका. त्यांच्यातला वयाने मोठा संन्यासीही ताटाच्या कडेची शितं टिपून खातो. जेवण झालं की आपलं ताट आपण घासायचं, वाळत घालायचं, आणि आपली बसायची जागा स्वच्छ करायची.

८. काम मागून घ्या

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावर चालणारं हे घर आहे, आणि त्या नियमात प्रार्थनेइतकाच हाताच्या कामाला मान आहे. पण पाहुण्याला काम सांगायला त्यांना संकोच वाटतो. तुम्हीच विचारा. सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे नाश्त्यानंतर भाजी चिरायला बसणं. ओळखी तिथेच होतात. जर्मन बाई, केरळातला तरुण ब्रदर आणि तुम्ही, तिघं मिळून लाल भोपळ्याशी झटापट करता.

चिरायच्या आधी आकार विचारून घ्या. मी शेवग्याच्या शेंगांचे आपल्या आमटीला घालतो तसे पेरभर तुकडे करत सुटले होते. स्वयंपाकघरातल्या अक्कांनी एक तुकडा उचलला, माझ्या मधल्या बोटाला लावून बघितला, आणि पूर्ण बोटाच्या लांबीवर नखाने खूण केली. आमच्यात एक शब्द समान नव्हता. त्या दुपारच्या सांबारात दोन मापांच्या शेंगा होत्या.

गोठा, बाग, झाडलोट, ग्रंथालयातली पुस्तकं लावणं, हीही कामं असतात. ग्रंथालय चांगलं आहे. पण पुस्तक खोलीत नेण्याआधी नोंद करा.

९. पैसे

हॉटेलसारखा हिशेब नसतो, देणगीवर चालतं. साधारण काय द्यावं ते लाजत न बसता पाहुण्यांची सोय बघणाऱ्या ब्रदरना विचारा. ऐपत कमी असेल तर तसं सांगा, ऐपत असेल तर पाहुण्या विद्यार्थ्याचाही भार उचला. फक्त ‘इथे फुकट आहे’ असं मित्रांना सांगत सुटू नका. असं ऐकून येणारे आठ दिवस राहतात आणि जाताना केळी ठेवून जातात.

गावातली मुलं पैसे किंवा पेन मागतील. परस्पर वाटू नका. गावासाठी काही द्यायचं असेल तर ते आश्रमामार्फत द्या.

१०. जास्त दिवस, किंवा कायमचं

महिना-दोन महिने राहायचं मनात असेल तर पहिल्या खेपेला मागू नका. आठवडा राहा, परत या, मग बोला.

कायमचं सामील होणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि ती फक्त कॅथलिक पुरुषांसाठी आहे. आधी उमेदवारी, मग निदान वर्षभराचं नवशिक्षण, मग काही वर्षांची तात्पुरती व्रतं आणि शेवटी कायमची. यातल्या प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंना ‘नाही’ म्हणता येतं. स्त्रियांसाठी शेजारीच आनंद आश्रम आहे. नोकरीचा वैताग आला म्हणून राजीनामा खिशात घेऊन येणारे तिथे अधूनमधून येत असतात. माझ्यासमोर एक जण आला होता. त्याला ब्रदरनी आठ दिवस गोठ्यात काम दिलं. नवव्या दिवशी त्याने परतीचं तिकीट काढलं, हसतच.

११. निघताना

आदल्या संध्याकाळीच निघण्याची वेळ सांगा, म्हणजे तुमच्या वाटणीचा तांदूळ भिजत पडत नाही. चादरी काढून धुवायच्या जागी ठेवा, खोली झाडा, बादली पालथी घाला, पंखा बंद करा. किल्ली हातात द्या, दाराला लटकवून जाऊ नका. मी तशी लटकवली होती आणि तिरुचीच्या फलाटावर फोन आला की किल्ली सापडत नाही. ती माकडाने नेली होती की वाऱ्याने पडली, देव जाणे. पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्या दाराला नवं कुलूप होतं.

बीड ग्रिफिथ्स यांची समाधी मंदिराजवळच आहे, तिथे जायचं असेल तर सकाळच्या मिस्सेनंतर जा. मग नाश्ता करा आणि बस पकडा. तिरुचीकडची बस हवी असेल तर रस्त्याची बाजू विचारून घ्या. मी एकदा करूरच्या बसमध्ये बसून अर्धा तास उलट्या दिशेने गेले आहे.